भिंत कुठल्या बाजूची, ते आधी सांगा

मागच्या अंकात कुंडीतल्या गुलाबांबद्दल लिहिताना शेवटी वेलीगुलाबाचा नुसता उल्लेख केला होता, तर त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. आणि गंमत म्हणजे प्रश्न साताऱ्यातनं, सांगलीतनं, पण बाग कॅनडात नाहीतर अमेरिकेत. मुलं तिकडे, आईवडील इकडे, आणि व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दिसते ती एक मोकळी भिंत. ह्या वेळी म्हणून सगळी जागा वेलीगुलाबालाच दिलीय. जवळजवळ प्रत्येकाने फुलाचा रंग कुठला हवा ते लिहिलंय, भिंतीवर ऊन किती वाजता येतं ते मात्र कुणीच नाही, आणि मला तेच आधी लागतं.

प्रश्न : ताई, माझी मुलगी कॅलगरीला असते. तिच्या घराचं तोंड उत्तरेला आहे आणि दाराशेजारच्या भिंतीवर तिला वेलीगुलाब चढवायचाय. दोनदा लावला, दोन्ही वेळा पहिल्याच हिवाळ्यात गेला. इथे गोडोलीत मी गुलाब गच्चीपर्यंत चढवलाय, त्यामुळे आईला जमतं मग मला का नाही असं तिला वाटतं. मेमध्ये मी तिकडे जाणार आहे, तेव्हा अंगणातल्या गावठी गुलाबाच्या काड्या नेऊ का? – एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : काकू, काड्यांचं आधी सांगते. नेऊ नका. परवाना आणि तपासणीचं सर्टिफिकेट नसताना झाडाची काडी कॅनडात नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. आणि समजा पोचलीच, तरी आपला गावठी गुलाब कॅलगरीची थंडी काढणार नाही. तिथे हिवाळ्यात उणे ३० पर्यंत पारा जातो. तुमचा जीव त्या झाडात आहे हे कळतंय मला, पण त्याला इथेच राहू द्या.

आता मुलीचं. तिला तुमच्यासारखं का जमलं नाही ह्याचं कारण तिच्या हातात नाहीये, गुलाबाच्या काडीत आहे. वेलीगुलाब म्हणतो आपण पण तो काही कारल्याचा वेल नव्हे, त्याला तणावे नसतात, तो स्वतः कशाला धरत नाही, त्याच्या लांब लांब काड्या असतात आणि त्या आपण बांधायच्या. फुलं येतात ती बहुतेक ह्या जुन्या काडीवर जे आखूड फुटवे निघतात त्यांच्यावर. झुडपी गुलाब थंडीने जमिनीपर्यंत मेला तरी खालून फुटून त्याच उन्हाळ्यात फुलतो, पण वेलीगुलाब दर वर्षी जमिनीपर्यंत मेला तर तो कधी वर चढतच नाही, दर वर्षी पहिलीपासून सुरुवात. म्हणून थंड गावात गुलाब घेताना "झाड जगेल का" एवढं विचारून भागत नाही, "काडी जगेल का" ते विचारायचं.

तिकडे रोपाच्या लेबलवर झोनचा आकडा असतो. अमेरिकेच्या नकाशात झोन ५ म्हणजे वर्षातली सगळ्यात कडक थंडी साधारण उणे २९ ते उणे २३, झोन ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९ आणि झोन ३ त्याच्याही खाली उणे ४० पर्यंत. कॅनडाचा नकाशा थोडा वेगळ्या हिशोबाने काढलाय, पण आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त हे दोन्हीकडे सारखंच. कॅलगरी साधारण ४ मध्ये येतं, पण तिथे अजून एक भानगड आहे, चिनूक नावाचा वारा. ऐन हिवाळ्यात पश्चिमेच्या डोंगरावरनं हा कोरडा गरम वारा उतरतो आणि काही तासांत तापमान पंधरा-वीस अंशांनी वर जातं, बर्फ वितळतं, झाडाला वाटतं वसंत आला, आणि मग परत कडाका. म्हणून मी तिथे ४ चं रोप घ्यायला सांगणार नाही, ३ चंच घ्या.

अशी रोपं आहेत आणि ती कॅनडातच तयार झालीत, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे म्हणून थोडं सविस्तर सांगते. ओटावाच्या सरकारी प्रयोगशेतीवर फेलिसिटास स्वेयदा नावाच्या बाई होत्या, मूळच्या व्हिएन्नाच्या. त्यांनी १९६० च्या दशकात थंडी सोसणाऱ्या गुलाबांवर काम सुरू केलं आणि त्यातनं एक्स्प्लोरर नावाची मालिकाच उभी राहिली, बहुतेक गुलाबांना कॅनडाच्या जुन्या शोधप्रवाशांची नावं. त्यातल्या चढत्या गुलाबांच्या रक्तात कोर्डेसी म्हणून एक जात आहे, जी जर्मनीतल्या विल्हेल्म कोर्डेस ह्यांना मिळाली. तिचं आजोळ एका बाजूने समुद्रकाठच्या कडक थंडीतला रुगोसा आणि दुसऱ्या बाजूने जपानचा जमिनीवर पसरणारा विचुराना. म्हणजे एकीकडून थंडी सोसायची ताकद आली, दुसरीकडून लांब काडी आणि चकचकीत पान.

ह्यातला विल्यम बॅफिन (१९८३) तुमच्या मुलीसाठी माझी पहिली निवड. गडद गुलाबी, झुपक्याने फुलतो, आठ-दहा फूट सहज जातो, काडी टिकते, थोडं ऊन कमी पडलं तरी चालवून घेतो. काटे मात्र भरपूर आणि वास जवळजवळ नाही, हे आधीच सांगते म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही. दाराला अगदी चिकटून असेल आणि येताजाता ओरखडे नको असतील तर जॉन डेव्हिस (१९८६) घ्या, मऊ गुलाबी, काटे खूप कमी, पण उंची कमी, सहा-सात फूट धरा. तिसरा जॉन कॅबट (१९७८), तोही कणखर, पण त्याचा मुख्य बहर एकदाच जोरात येतो आणि पुढे तुरळक.

आता उत्तरेची भिंत. इथे तुमचा आणि तिचा हिशोब अगदी वेगळा आहे. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेलाच असतो, म्हणून मेअखेरीला आपल्या उत्तरेच्या खिडकीतनं पण ऊन येतं. कॅलगरीला दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. पण जूनमध्ये तिथे दिवस साडेसोळा तासांचा, सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे उघड्या उत्तरेच्या भिंतीवर सकाळी तीन-साडेतीन तास आणि संध्याकाळी तेवढंच तिरकं ऊन येतं. समोर शेजाऱ्याचं घर नसेल, कुंपण उंच नसेल, तरच हां. आणि सप्टेंबरच्या शेवटाला हे ऊन पूर्ण बंद होतं.

म्हणून मुलीला एक काम सांगा. जूनमधला एखादा स्वच्छ दिवस धरायचा आणि सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर दोन तासांनी त्या भिंतीचा एक फोटो काढून ठेवायचा. हिवाळ्यात किंवा मार्चमध्ये बघून काही कळणार नाही. एकूण चार-पाच तास ऊन भरलं तर बॅफिन लावा, फुलं सहा-आठ तासांच्या जागेपेक्षा कमी येतील पण येतील. दोनच तास भरत असेल तर माझं स्पष्ट मत, तिथे गुलाब लावू नका, उगीच काड्या लांबतात, पानं येतात, फूल नाही. त्या जागी क्लेमॅटिसमधल्या अल्पिना किंवा मॅक्रोपेटाला जातीचा वेल लावा, तो सावलीही सोसतो आणि थंडीही, आणि गुलाब घराच्या दुसऱ्या बाजूला न्या.

आधीची दोन रोपं का गेली त्याचा एक अंदाज. ती कलमी असावीत. डोळा भरलेली जागा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीच्या वर राहिली की पहिल्यांदा तीच गोठते, वरचा गुलाब मरतो आणि वसंतात खालचा खुंट, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबावर कलम केलं तो, फुटतो, आणि माणसाला वाटतं आला बाई परत. ह्या वेळी स्वतःच्या मुळावरचं रोप मागा, तिकडे त्याला ओन रूट म्हणतात, एक्स्प्लोरर गुलाब बहुतेक तसेच मिळतात. मग काडी मेली तरी मुळातनं येईल तो तोच गुलाब. कलमीच मिळालं तर कलमाची जागा जमिनीखाली तीन-चार इंच गाडायची, आपल्याकडे आपण ती वर ठेवतो, तिकडे बरोबर उलट. लावायचं ते फोटो बघून झाले की जूनमध्येच, तुम्ही तिथे असालच, खड्डा तुमच्या हातचा होऊ दे.

प्रश्न : मी मूळचा मिरजेचा, सध्या मिनियापोलिसला आहे. आमची भिंत दक्षिणेची, विटांची, दिवसभर ऊन. सगळे म्हणाले गुलाबाला ह्याहून चांगली जागा नाही. लाल वेलीगुलाब लावलाय, झोन ५ चा. जानेवारीत काडी खरवडून बघितली तर आत हिरवी होती, मार्चअखेरीस सगळी काळी. सलग तीन वर्षं हेच चाललंय. आईने तुमचा कॉलम पाठवला म्हणून विचारतोय. – एक वाचक

उत्तर : दादा, जानेवारीत खरवडून बघितलंत हे फार चांगलं केलंत, त्यामुळेच निदान सोपं झालं. तुमचा गुलाब जानेवारीतनं जिवंत बाहेर आला आणि गेला तो नंतर, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात.

तुमच्याकडे हिवाळ्यात दुपारचा सूर्य फार खाली असतो, डिसेंबरात तर क्षितिजापासून जेमतेम बावीस अंश वर. म्हणजे ऊन दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ समोरून आदळतं, त्यात खालच्या बर्फावरून परत उलटतं, वीट तापते. बाहेर उणे दहा असलं तरी भिंतीलगत काडीची साल गरम होते, आतला रस हलायला लागतो. संध्याकाळी सूर्य गेला की तासाभरात परत गोठतं. हे रोज. काडी थंडीपेक्षा ह्या रोजच्या तापण्या-गोठण्याने फाटते, आणि जमीन गोठलेली असल्याने मूळ पाणी देऊ शकत नाही, वारा मात्र काडीतलं पाणी ओढतच राहतो. उन्हाळ्यात जी भिंत गुलाबाला सगळ्यात चांगली तीच हिवाळ्यात सगळ्यात वाईट.

झाड काढून टाकू नका. ट्रेलिस, म्हणजे काड्या बांधायची जाळी, भिंतीपासून दीड फूट पुढे घ्या, मागनं हवा खेळू दे, शिवाय पागोळीखालची माती कोरडी राहते त्यातूनही सुटका होईल. नोव्हेंबरच्या शेवटी काड्यांवर दक्षिणेच्या बाजूने गोणपाट बांधा, आपलं साधं गोणपाट, तिकडे बर्लॅप म्हणून मिळतं. हे ऊब द्यायला नाही, सावली द्यायला बांधायचंय. प्लॅस्टिक अजिबात नको, आत भट्टी होते.

एवढ्याने भागलं नाही तर तुमच्याच राज्याच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती आहे, मिनेसोटा टिप. ऑक्टोबरच्या शेवटी काड्या ट्रेलिसवरनं सोडवून दोरीने एकत्र बांधायच्या, बुंध्याच्या एका बाजूची माती सैल करायची, दुसऱ्या बाजूला झाडाएवढा लांब चर खणायचा आणि अख्खं झाड हळूच त्यात आडवं करून वर माती आणि वाळलेली पानं. एप्रिलमध्ये परत उभं. तुम्ही मिरजेचे, तेव्हा हरिपूरची पेवं माहीत असतील, जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. मातीच्या पोटात हवामान एकसारखं राहतं, तसंच हे. पाठ दुखते पण झोन ५ चा गुलाब ह्याने तुमच्याकडे निघतो. आडवा करताना बुंधा वाकवा, काडी वाकवू नका, काडी थंडीत कटकन मोडते.

आणि ऑगस्टच्या मध्यानंतर नत्राचं खत बंद. सप्टेंबरपासून सुकलेली फुलं कापू नका, बोंडं धरू द्या. बोंड धरलं की झाड नवीन कोवळी फूट काढायचं थांबतं आणि आहे ती काडी पिकते, आणि पिकलेली काडीच थंडी काढते. आपले तासगावचे द्राक्षवाले "काडी पक्व झाली का" म्हणून बघत असतात ना, तीच नजर इथे लागते. जमीन गोठायच्या आधी एकदा भरपूर पाणी द्या, हे लोक हमखास विसरतात.

प्रश्न : आमची सून टोरांटोला आहे. पूर्वेचं कुंपण, सकाळी ऊन आणि अकरानंतर मेपलची सावली. नातवंडं लहान म्हणून काटे नकोत, वास हवा. – एक आजी, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आजी, टोरांटो कॅलगरीच्या मानाने बरंच सौम्य, तळ्याच्या काठावर आहे, त्यामुळे निवडीला वाव आहे. तुमच्या अटींवर एकच नाव येतं, झेफिरिन द्रुआं. फ्रान्सचा १८६८ चा गुलाब, काड्यांवर काटे जवळजवळ नाहीतच, गडद गुलाबी आणि वास असा की कुंपणापलीकडे जावा. अर्ध्या दिवसाच्या उन्हात फुलतो. त्याचा एक दोष आहे, पानांवर काळे ठिपके फार येतात. सकाळचं ऊन आहे ते ह्यासाठी चांगलंच, कारण त्या बुरशीला रुजायला पान सात-एक तास सलग ओलं लागतं आणि सकाळच्या उन्हाने दव लवकर वाळतं. पाणी मुळाशीच द्यायचं, पानांवर मारायचं नाही, खाली पडलेली पानं उचलायची.

काटे चालणार असतील तर न्यू डॉन, फिकट गुलाबी, कमी उन्हातही भरभरून. अमेरिकेत झाडांना पेटंट द्यायला सुरुवात झाली तेव्हा १९३१ मध्ये सगळ्यात पहिलं पेटंट ह्याच गुलाबाला मिळालं. पण नातवंडांच्या उंचीवर त्याचे काटे येतात, मी तुमच्या जागी असते तर पहिलाच घेतला असता. मेपलची मुळं वरवर पसरतात आणि पाणी खातात, तेवढं अंतर राखायला सांगा.

प्रश्न : पाचगणीला आमचं छोटं घर आहे. थंडी, धुकं आणि भोवती सिल्व्हर ओक. वेलीगुलाब चढतो पण फुलत नाही. परदेशातले थंडीचे गुलाब इथे मागवावेत का? – एक वाचक, वाई

उत्तर : मागवू नका. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठाला दव गोठलं की पेपरात फोटो येतो आणि आपल्याला वाटतं आपण काश्मीरात राहतो, पण गुलाबाच्या हिशोबाने ती थंडी काहीच नाही. बर्फातल्या गुलाबांना तर हिवाळ्यात नीट झोप लागते, ती तुमच्याकडे मिळायची नाही. तुमची अडचण चार महिन्यांचा पाऊस, धुकं आणि ओकची सावली ही आहे.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या बहिणीच्या पाचगणीच्या घरी मी एका मोठ्या फुलाच्या गुलाबाचा चढता प्रकार लावला होता. तीन वर्षं नुसत्या काड्या, छपरापर्यंत सरळ वर, आणि टोकाला दोन फुलं. चिडून मी तो साताऱ्यातल्या झुडपी गुलाबासारखा खालून छाटला आणि आणखी दोन वर्षं घालवली. शेवटी एका द्राक्ष बागायतदाराने बघितलं आणि म्हणाला, ताई, ह्याचा ओलांडा कुठाय? ओलांडा म्हणजे द्राक्षवेलाची तारेवर आडवी बांधलेली काडी. तेव्हा डोक्यात उजेड पडला. काडी सरळ उभी असली की सगळा जोर टोकाच्या डोळ्याला जातो, आडवी बांधली की प्रत्येक डोळा फुटतो आणि प्रत्येक फुटव्यावर फूल. त्या वर्षी आम्ही चार काड्या व्हरांड्याच्या कठड्याला आडव्या बांधल्या आणि डिसेंबरात कठडा दिसत नव्हता.

तुम्हीही आधी तेच करा. पाऊस थांबला की ऑक्टोबरमध्ये मुख्य काड्या तशाच ठेवून फक्त बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर छाटा, साधारण दीड महिन्यात फुलं येतील. ओकच्या खालच्या फांद्या कमी करता आल्या तर बघा. नवीन लावायचाच तर चढता आइसबर्ग किंवा समर स्नो, दोन्ही पांढरे, धुक्यात पांढरा रंग उठूनही दिसतो. मोठ्या भरगच्च पाकळ्यांची फुलं तुमच्याकडे ओलाव्याने कळीतच कुजतात. खड्ड्यात तळाला विटांचे तुकडे घालण्यापेक्षा वाफाच उंच करा.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला पश्चिमेची भिंत, एप्रिलमध्ये हात लावता येत नाही. वेलीगुलाब जगेल का? आणि शेजारी द्राक्षबाग आहे, तिथली भुरी गुलाबावर येते असं म्हणतात. – एक वाचक

उत्तर : भुरीची, म्हणजे पानावर पांढरी पूड धरते त्या बुरशीची, काळजी सोडा. गुलाबाची भुरी वेगळी आणि द्राक्षाची वेगळी, दिसायला सारख्या पण एकमेकांच्या घरी जात नाहीत. दोन्हींवर एकाच दिवसांत दिसतात कारण दोघींना हवामान सारखंच लागतं, दिवसा कोरडं आणि रात्री गार दमट.

भिंतीचं म्हणाल तर जगेल. जाळी भिंतीपासून निदान अर्धा फूट पुढे ठोका, कारण तुमची भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असते. आळ्यात उसाच्या पाचटाचा चार-पाच इंच थर द्या, ते तुमच्याकडे हवं तेवढं मिळतं. पाणी ड्रिपने, थोडं थोडं. काळी माती घट्ट असेल तर शेणखत भरपूर मिसळा. एप्रिल-मेमध्ये पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी येतो, आठवड्यातनं दोनदा सकाळी पाइपने पानं खालून धुवा, लवकर वाळतात त्यामुळे काळ्या ठिपक्यांची भीती तेव्हा नाही. रोप आत्ता लावू नका, पहिला पाऊस पडून जमीन निवली की लावा, आणि तोवर त्या भिंतीवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते एका कागदावर लिहून पाठवा, मग जातीचं नाव सांगते.